रेती घाटावरचा वेस्टर्न: पडद्यावरची हिंसा देखणी कशी होते आणि हास्यास्पद कधी ठरते

नागपुरातील एका तरुण दिग्दर्शकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. कन्हान नदीच्या कोरड्या पात्रात घडणारा वीस-पंचवीस मिनिटांचा लघुपट ते करीत आहेत. रेतीच्या चोरट्या धंद्यातून बाहेर पडलेला एक टिप्परचालक अनेक वर्षांनी गावी परततो आणि घाटाचा ठेकेदार व त्याची सहा माणसे यांच्याशी त्याची शेवटची गाठ पडते, अशी गोष्ट आहे. सगळा बाज वेस्टर्नचा, म्हणजे अमेरिकेतल्या बंदूकधारी काउबॉयच्या चित्रपटांचा, हवा आहे. मात्र चाचणी म्हणून चित्रित केलेला शेवट पाहताना मित्रमंडळी हसली. स्लो मोशन किती ठेवावे, रक्त किती दाखवावे आणि मारामारी देखणी केली की हिंसेचे उदात्तीकरण होते का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत. संकलन आणि साहसदृश्यांची आखणी ही दोन्ही कामे मी याच शहरात राहून बरीच वर्षे करीत आलो आहे. उत्तर लांबणार आहे, त्याला इलाज नाही.

मित्रांच्या हसण्याचे कारण रक्तात किंवा स्लो मोशनमध्ये शोधण्यापूर्वी, पहिली गोळी सुटण्याआधी तुम्ही प्रेक्षकाला किती वेळ दिला आहे, हे तपासावे लागेल. तुमच्या वर्णनानुसार ठेकेदार जीपमधून उतरतो, दोन वाक्ये बोलली जातात आणि लगेच चार मिनिटांची मारामारी सुरू होते. वेस्टर्नची रचना याच्या उलट्या दिशेने चालते. तेथे प्रत्यक्ष हिंसा काही सेकंदांत आटोपते आणि दिग्दर्शक आपली सारी कारागिरी तिच्या आधीच्या ताटकळण्यावर आणि तिच्या नंतर मागे राहिलेल्या माणसांवर खर्च करतो. पडद्यावरची शैलीदार हिंसा ही मुळात वेळेची हाताळणी आहे, असे माझे ठाम मत आहे, आणि तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मी त्याच मतावरून देणार आहे.

वेस्टर्न हा प्रकार अमेरिकेचा खरा; पण आज ज्या शैलीची नक्कल होते तिचा मोठा भाग जपान आणि इटलीतून आलेला आहे. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्या १९६१ च्या ‘योजिंबो’वर इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओने यांनी १९६४ मध्ये ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ बेतला, तोही परवानगी न घेता, आणि त्यावरून उभा राहिलेला वाद पुढे तडजोडीने मिटला. लिओने यांच्या पडद्यावरचे ओसाड माळ बहुतांशी स्पेनच्या अल्मेरिया भागातले होते. तेव्हा कन्हानच्या पात्रात वेस्टर्न करणे म्हणजे उसने अवसान आहे, अशी जी टीका तुमच्यावर झाली तिची फार चिंता करू नका. या प्रकाराने पहिल्यापासून दुसऱ्याच्याच जमिनीवर घर बांधलेले आहे. त्यांची ती प्रसिद्ध रुंद चौकटसुद्धा काटकसरीतून आलेली होती. टेक्निस्कोप नावाच्या पद्धतीत फिल्मच्या चार छिद्रांऐवजी दोनच छिद्रांच्या उंचीत एक चौकट बसते, त्यामुळे कच्ची फिल्म निम्मी लागते. शिवाय त्यात साधी, कमी नाभीय अंतराची भिंगे वापरता येत असल्याने अगदी जवळचा चेहरा आणि दूरवर उभा असलेला माणूस एकाच वेळी स्पष्ट दिसतात. घामेजलेला चेहरा निम्म्या पडद्यावर आणि उरलेल्या जागेत लांबवर ठिपक्याएवढा शत्रू, ही रचना आज मोबाइलच्या कॅमेऱ्यानेही सहज साधते, कारण त्याच्या लहान सेन्सरमुळे जवळचे आणि दूरचे दोन्ही आपोआप स्पष्ट येते. महागडा कॅमेरा भाड्याने आणून पार्श्वभूमी पुसट करण्याचा जो सोस सध्या दिसतो, तो निदान या प्रकारात तुमच्या विरोधात जाणारा आहे.

लिओने यांच्या १९६८ च्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ची सुरुवात तुम्ही पाहिली असेलच, तरी ती आवाज लक्ष देऊन ऐकत पुन्हा पाहा. तीन बंदूकधारी एका आडगावच्या स्थानकावर गाडीची वाट पाहत आहेत. एकाच्या टोपीवर वरून पाण्याचे थेंब पडत आहेत, एकाला माशी सतावते आहे, आणि न तेल घातलेली पवनचक्की कुरकुरत आहे. पार्श्वसंगीत नाही. हे कित्येक मिनिटे चालते. मग गाडी येते, जाते, पलीकडे उभा असलेला माणूस दिसतो, दोन-तीन वाक्यांची देवाणघेवाण होते आणि गोळीबार डोळ्याचे पाते लवण्याआधी संपतो. प्रेक्षकाला नेमके कोण कसे पडले हे नीट आठवत नाही, पण माशी आठवते. टोपीवर साचलेले पाणी तो माणूस शांतपणे पिऊन टाकतो, एवढ्यावरून तो किती निर्ढावलेला आहे हे कळते, आणि असा निर्ढावलेला माणूस पडतो तेव्हा पाडणाऱ्याची उंची आपोआप वाढते. तुमच्या ठेकेदाराच्या सहा माणसांपैकी एकालाही असे काही करायला दिलेले नाही. ते केवळ मरण्यासाठी जीपमधून उतरतात, आणि ज्यांना आपण ओळखत नाही त्यांनी हातवारे करीत मरणे हे पाहणाऱ्याला विनोदीच वाटते.

वाट पाहणे म्हणजे नुसता शॉट लांबवणे, असा मात्र अर्थ घेऊ नका. लिओने यांच्या १९६५ च्या ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’मध्ये खलनायकाकडे एक गाणारे खिशातले घड्याळ आहे, त्याची धून संपली की पिस्तूल काढायचे, हा नियम प्रेक्षकाला आधीच कळलेला असतो, त्यामुळे धून मंदावत जाते तसतसा श्वास अडकतो. पुढच्या वर्षीच्या ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’मधील कब्रस्तानातला तिघांचा सामनाही याच तत्त्वावर उभा आहे. आधी लांबून तिघांची जागा दाखवली जाते, मग चेहरे, मग कमरेचे हात, मग फक्त डोळे. शॉट जवळ येत जातात आणि प्रत्येकाची लांबी कमी होत जाते, एन्निओ मोरिकोने यांचे संगीत चढत जाते. तिहाईचे तुकडे आवळत आवळत समेवर यावेत तशी गोळी नेमक्या जागी पडते, आणि समेची जागा ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असल्यामुळे ती पडल्याचे समाधान मिळते. संकलनाच्या टेबलावर हे करताना मी आधी गोळीची जागा ठरवतो आणि तेथून मागे मोजत येतो. शेवटचे डोळ्यांचे शॉट आठ-दहा फ्रेमचे (चोवीस फ्रेमचा एक सेकंद), त्याआधीचे एका सेकंदाचे, त्याआधीचे तीन सेकंदांचे, असे मागे जाताना वाढवत नेले की चढ आपोआप तयार होतो. सुरुवातीपासून पुढे जुळवत बसलात तर चढ कुठेतरी आधीच संपतो आणि गोळी उशिरा येते.

तुमच्याकडे घड्याळ नाही. पण मे महिन्याच्या नदीपात्रात त्याहून चांगल्या गोष्टी पडलेल्या आहेत. पोकलेनचे इंजिन बंद केल्यावर तापलेला पत्रा टिकटिक करीत थंड होतो. टिप्परवरची ताडपत्री वाऱ्याने फडफडते आणि वारा पडला की थांबते. नुकती उपसलेली ओली रेती भरलेल्या टिप्परच्या फाळक्यातून पाणी बराच वेळ ठिबकत राहते, हे घाटावर गेलेल्या प्रत्येकाने पाहिलेले आहे. ते ठिबकणे थांबेपर्यंत कोणी हलायचे नाही, असा नियम एखाद्या पात्राच्या तोंडून आधी एकदा सहज येऊन गेला, तर शेवटी त्या थेंबांनाच घड्याळाचे काम देता येईल. हे आवाज चित्रीकरणाच्या दिवशी वेगळे ध्वनिमुद्रित करून आणा. इटलीतल्या त्या चित्रपटांचा जवळजवळ सगळा आवाज नंतर स्टुडिओत बसवलेला असे, म्हणूनच तेथे बुटाच्या टाचेपासून गोळी खडकावर आदळून सुटणाऱ्या शीळेपर्यंत सगळे वास्तवापेक्षा मोठे ऐकू येते. आणि त्या काळच्या आपल्या हिंदी चित्रपटांचीही हीच रीत असल्याने आपल्या कानांना ते कधी परके वाटले नाही.

आता सात माणसांविषयी. चार मिनिटांत सात मृत्यू उभे करायचे असतील तर कोण कोठे आहे हे प्रेक्षकाला प्रत्येक क्षणी माहीत असावे लागते, आणि सपाट रेतीत ते फार कठीण आहे, कारण तेथे खूण म्हणून धरायला काहीच नसते. हाँगकाँगचे दिग्दर्शक जॉन वू यांच्या १९८६ च्या ‘अ बेटर टुमॉरो’मधील उपाहारगृहाचे दृश्य यासाठी अभ्यासण्यासारखे आहे. नायक एका बाईशी लाडीगोडी करीत बोळातून आत जातो आणि जाता जाता कुंड्यांमध्ये पिस्तुले लपवतो. खोलीत शिरतो, दोन्ही हातांनी गोळ्या झाडतो, रिकामी पिस्तुले टाकून देतो आणि परत फिरताना त्याच कुंड्यांतून एकेक पिस्तूल उचलत मागून येणाऱ्यांना टिपतो. सारा गोंधळ माजलेला असताना आपण हरवत नाही, कारण तो बोळ आपण एकदा त्याच्याबरोबर चाललेलो असतो. गोळीबार सुरू होण्यापूर्वी तो नकाशा प्रेक्षकाच्या डोक्यात छापला गेला, यात त्या दृश्याचे अर्धे यश आहे. वू यांनी अमेरिकी दिग्दर्शक सॅम पेकिनपा आणि फ्रेंच दिग्दर्शक मेलव्हिल यांच्याबरोबरच संगीतिकांचे ऋणही मानले आहे, आणि ते या दृश्यात स्पष्ट दिसते. प्रत्येक पाऊल नाचातल्यासारखे बसवलेले आहे.

तुमच्या पात्रात कुंड्यांऐवजी टिप्पर, पोकलेन, चाळणीचा सांगाडा आणि काठावरचे एखादे बाभळीचे झाड, एवढ्या चार खुणा पुरेशा आहेत. नायकाला सामन्याच्या आदल्या संध्याकाळी त्या चार जागांवरून एकदा चालवा, आणि दुसऱ्या दिवशीची सगळी हालचाल त्याच रेषांवरून होऊ द्या. शिवाय सातांचे तीन करा. ठेकेदार, त्याचा एक जुना विश्वासू माणूस, जो पूर्वी नायकाबरोबर टिप्परवर होता, आणि एक नवखा पोरगा. उरलेले चार पैशापुरते आलेले असतात आणि पहिल्या गोळीला पळून जातात. ते पळणे खरेही वाटेल आणि तुमचा खर्चही वाचवील.

स्लो मोशनचा प्रश्न बहुतेकांना तांत्रिक वाटतो, पण त्याला स्वतःचा इतिहास आहे. कुरोसावा यांनी १९५४ च्या ‘सेव्हन सामुराई’मध्येच तलवारीच्या वारानंतर कोसळणारा माणूस संथ गतीत दाखवला होता, आणि भोवतालची माणसे मात्र नेहमीच्या गतीत पाहत उभी राहिलेली होती. आर्थर पेन यांनी १९६७ च्या ‘बॉनी अँड क्लाइड’च्या शेवटासाठी वेगवेगळ्या गतीने चालणारे अनेक कॅमेरे एकाच वेळी लावले. सॅम पेकिनपा आणि त्यांचे संकलक लू लोम्बार्डो यांनी १९६९ च्या ‘द वाइल्ड बंच’मध्ये ही पद्धत पूर्णत्वास नेली. तेथे एक माणूस नेहमीच्या गतीत पडू लागतो, मध्येच दुसऱ्या ठिकाणच्या झटापटीचा वेगवान शॉट येतो, मग पहिल्याचे पडणे संथ गतीत थोडे पुढे सरकते, पुन्हा दुसरीकडचा शॉट, आणि मग तो जमिनीवर आदळतो. संथ तुकडे अगदी छोटे आहेत आणि सतत वेगवान तुकड्यांच्या कचाट्यात सापडलेले आहेत. त्या घर्षणामुळे भीती वाटते. अखंड संथ गतीत पडणारा माणूस तरंगल्यासारखा दिसतो आणि त्याला वजनच राहत नाही.

गेल्या काही वर्षांत मोठ्या खर्चाच्या दाक्षिणात्य आणि हिंदी चित्रपटांत नायकाने गाडीतून उतरणे, विडी पेटवणे, मान वळवणे, सगळेच संथ गतीत दाखवण्याची प्रथा पडली आहे. ती त्यांना लखलाभ होवो; तेथे नायकाची प्रतिमा हाच विषय असतो. तुमच्या चित्रपटात मात्र चालणे जर संथ असेल तर मरण्यासाठी काहीच शिल्लक राहत नाही. माझा सल्ला असा की संपूर्ण लघुपटात संथ गती एकाच मृत्यूसाठी राखून ठेवा, आणि तो ठेकेदाराचा नसावा. जुन्या मित्राचा असावा. ठेकेदार नेहमीच्या गतीत, एका शॉटमध्ये, पटकन मरू द्या. ज्याच्या जाण्याने नायकाचे काही नुकसान होते त्याच्याच मरणाला वेळ द्यायचा असतो.

तांत्रिक बाजूचे थोडेच सांगतो. चोवीस फ्रेमच्या हिशेबाने १२० फ्रेमवर घेतलेला शॉट पाचपट लांबतो. माणूस उभ्याचा आडवा व्हायला साधारण एक सेकंद लागतो, म्हणजे तुमच्या हाती पाच सेकंद येतात, आणि त्यातले दीडच वापरायचे असतात. बहुतेक वेळा ४८ किंवा ६० फ्रेम पुरतात. शटर त्या प्रमाणात लहान ठेवावे लागते, त्यामुळे १२० फ्रेमला नेहमीच्या पाचपट उजेड लागतो. मे महिन्याच्या उन्हात तो फुकट आहे, पण तहसील कचेरीचा किंवा ढाब्याचा आतला प्रसंग असेल तर अडचण येईल. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. तेथे १२० फ्रेमवर घेतलेल्या शॉटमध्ये उजेड थरथरताना दिसतो. अशा ठिकाणी ५० किंवा १०० फ्रेमवर चित्रण करावे. आणि २४ फ्रेमवर घेतलेला शॉट संगणकावर ताणून संथ करू नका, हातापायांच्या कडा चिकट होतात. तुमच्या मित्रांच्या हसण्यात त्याचाही वाटा असावा, असा मला दाट संशय आहे.

रक्ताच्या बाबतीत दोन टोके लक्षात ठेवावीत. एक टोक म्हणजे कुरोसावा यांच्या १९६२ च्या ‘सांजुरो’चा शेवट: दोन तलवारबाज अगदी जवळ, समोरासमोर, न हलता उभे राहतात, ते इतका वेळ की पाहणारा अस्वस्थ होतो, मग एकच वार आणि छातीतून दाबाने उसळणारा रक्ताचा फवारा. पुढे जगभरच्या चित्रपटांत जे कारंजे उडाले त्यांचे मूळ येथे आहे, पण मूळ चित्रपटात ते शेवटी एकदाच उडते, आणि त्यानंतर जिंकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर आनंद नसून चीड असते. दुसरे टोक आपल्याच घरातले आहे. ‘शोले’त, १९७५ साली, गब्बर आपल्या हातावर चढलेली मुंगी चिरडतो आणि पुढच्याच शॉटमध्ये अहमदचे प्रेत घेऊन घोडा गावात शिरतो, मधले काहीही दाखवलेले नाही. ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्याकांडात प्रत्येक माणसाला गोळी लागताच चित्र गोठते, झोपाळ्याची करकर ऐकू येत राहते, आणि शेवटच्या लहान मुलावर बंदूक रोखली जाते तेव्हा गोळीच्या आवाजावर आगगाडीचा शॉट येतो. या चित्रपटाचे संकलक एम. एस. शिंदे, आणि त्या वर्षी ‘शोले’ला मिळालेला एकमेव फिल्मफेअर पुरस्कार त्यांच्या संकलनाला मिळाला. ‘शोले’वर लिओने यांची छाप आहे हे सगळेच सांगतात, पण मुंगीवरून घोड्यावर येणारा तो कट कोणाच्याही तोडीचा आहे, एवढे मराठी माणसाने अभिमानाने सांगायला हरकत नाही.

तुमच्या रेतीत रक्त कसे वागते हे एकदा प्रत्यक्ष करून पाहा. फरशीवर रक्त पसरते, रेतीत ते मुरते; वर फक्त गडद, ओलसर डाग राहतो आणि कडेचे कण एकमेकांना चिकटून गोळे होतात. म्हणून रेतीवर बादलीभर लाल रंग ओतूनही काही उपयोग होत नाही, आणि तो सुकला की गुलाबी दिसतो. बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळणारे लिक्विड ग्लुकोज, त्यात खाण्याचा लाल रंग, निळ्याचा एखादा थेंब आणि चिमूटभर कोको पावडर, एवढ्यावर उन्हातही खरे वाटणारे रक्त होते. हे मिश्रण गोड असल्याने पाच मिनिटांत मुंग्या आणि माश्या जमतात. काही जण त्यामुळे वैतागतात. मी कॅमेरामनला सांगतो की त्या माश्यांवरच फोकस ठेव. कोरड्या शर्टावर हा डाग हळूहळू वाढताना दाखवणे हे फवाऱ्यापेक्षा अधिक परिणामकारक आहे, आणि शर्टाच्या आत लपवलेल्या साध्या रबरी नळीने व सिरिंजने ते होते. अंगावर स्फोटक पुड्या लावण्याचे काम परवानाधारक तंत्रज्ञाशिवाय करू नका. लघुपटाला त्याची गरजही नाही.

विदर्भाच्या उन्हाविषयी. बाहेरच्या लोकांना वाटते की कडक ऊन म्हणजे वेस्टर्न. पण बाराच्या सुमारास सूर्य डोक्यावर असतो, डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली पडते आणि ज्या डोळ्यांवर सारे दृश्य उभे आहे तेच दिसत नाहीत. चेहऱ्यांचे सगळे शॉट सकाळी नऊच्या आत किंवा साडेचारनंतर घ्या, आणि दुपारी फक्त लांबचे शॉट घ्या. तापलेल्या रेतीवरून उठणारी हवा लांबच्या भिंगातून पाहिली की माणसे पाण्यात उभी असल्यासारखी थरथरतात. आता पोशाख. टोपी आणि चामडी जाकीट घातलेला माणूस मौद्याजवळच्या घाटावर आला तर हसू येणारच. आपल्याकडे उन्हाळ्यात प्रत्येक जण डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा गुंडाळून फिरतो, फक्त डोळे उघडे असतात. लिओने यांना डोळ्यांपर्यंत पोचण्यासाठी कॅमेरा जवळ न्यावा लागे. आपल्या उन्हाने ती चौकट आधीच आखून दिलेली आहे. तिघेही दुपट्ट्यात असतील आणि जुना मित्र मरण्यापूर्वी आपला दुपट्टा सोडील, तर संथ गतीचा तो एकमेव शॉट कोठे सुरू करायचा हेही ठरून जाते.

शस्त्रांबाबत माझे मत स्पष्ट आहे. ठेकेदाराच्या माणसांच्या हाती स्वयंचलित बंदुका देऊ नका. एका वेळी एकच गोळी झाडणारा देशी कट्टा द्या. गोळी झाडल्यावर तो उघडावा लागतो, रिकामे काडतूस काढावे लागते, दुसरे भरावे लागते, आणि घामाने निसटणाऱ्या बोटांनी हे करताना माणूस किती एकटा असतो हे दाखवायला तुम्हाला पुरता वेळ मिळतो. सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरमुळे वेस्टर्नला मोजणीचा ताण मिळाला. ‘शोले’त गब्बर आपल्या तीन माणसांसमोर पिस्तुलाच्या तीन गोळ्या हवेत उडवून चक्र फिरवतो, त्याचाही आधार तीच मोजणी आहे. कट्टा ती मोजणी एकावर आणतो.

पण पडद्यावरचा कट्टा लाकडाचा किंवा रबराचा असला पाहिजे, खरा कधीही नाही. गावठी शस्त्र जवळ बाळगणे हाच १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, हे एक. आणि चित्रीकरणासाठी आणलेल्या शस्त्रांनीही माणसे मेलेली आहेत, हे दुसरे. १९९३ मध्ये ‘द क्रो’च्या चित्रीकरणात ब्रँडन ली यांचा जीव गेला तो नळीत अडकून राहिलेला गोळीचा तुकडा मागून झाडलेल्या कोऱ्या, म्हणजे गोळी नसलेल्या, काडतुसाने बाहेर फेकला गेल्यामुळे. ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यू मेक्सिकोत ‘रस्ट’ या वेस्टर्नच्याच चित्रीकरणात रिव्हॉल्व्हरमध्ये जिवंत काडतूस राहिल्याने छायाचित्रकार हलिना हचिन्स मृत्युमुखी पडल्या. गोळीचा जाळ संगणकावर घाला. तो एकाच फ्रेमपुरता असतो. त्याच फ्रेममध्ये हाताच्या आतल्या बाजूवर आणि हनुवटीखाली किंचित पिवळा उजेड टाका आणि धूर पुढे वीस-पंचवीस फ्रेम विरत जाऊ द्या. नटाने मात्र हाताला झटका नीट दिला पाहिजे. हलक्या रबरी पिस्तुलाला झटका द्यायला नट विसरतात, म्हणून मी तालमीत पिस्तुलाच्या नळीला दोरा बांधून मागून ओढायला एक माणूस ठेवतो. दोन दिवसांत मनगटाला सवय लागते. खोटी शस्त्रे घेऊन नदीपात्रात उतरण्यापूर्वी स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी कळवा. रेतीच्या प्रकरणांमुळे त्या भागात आधीच सगळे सावध असतात आणि दुर्बिणीतून तुमचा कट्टा खोटा आहे हे दिसत नाही.

मार बसल्याचा परिणाम मारणारा घडवत नाही, मार खाणारा आणि आवाज हे दोघे मिळून घडवतात. पूर्व विदर्भातल्या वडसा-देसाईगंजच्या झाडीपट्टी नाटकात ज्यांनी काम केले आहे त्यांना हे शिकवावे लागत नाही: तलवार अंगापासून वीतभर लांबून जाते, त्याच क्षणी वादकाची थाप पडते, पडणारा नट आधी गुडघ्यात मोडतो आणि मग कमरेत, आणि पहाटे दोन वाजता मागच्या रांगेतला माणूसही दचकतो. असे नट तुम्हाला नागपुरापासून फार दूर शोधावे लागणार नाहीत; सहा व्यायामपटू घेण्यापेक्षा त्यांच्यातले तिघे घ्या. दिवाळीनंतर त्यांचा हंगाम सुरू होतो, उन्हाळ्याच्या शेवटी ते बहुधा मोकळे असतात.

उदात्तीकरणाविषयी मी गोलमोल बोलणार नाही. सौंदर्य आले की हिंसा हवीहवीशी वाटू लागते, हे खरे आहे, आणि कोणत्याही दिग्दर्शकाने हेतू चांगला होता असे सांगून त्यातून सुटू नये. पेकिनपा यांना प्रेक्षकाने हादरावे असे वाटत होते आणि अनेक प्रेक्षकांनी त्याच दृश्यांवर शिट्ट्या मारल्या. मला निर्णायक वाटते ते हे, की माणूस पडल्यावर कॅमेरा कोणाबरोबर जातो. तो लगेच मारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे वळला, खालून वर पाहू लागला आणि संगीत वाजू लागले, तर मेलेला माणूस ही केवळ नायकाची पायरी ठरते. तो काही सेकंद पडलेल्यापाशी थांबला, तर प्रेक्षकाला स्वतःच्या आनंदाची थोडी अडचण होते. ‘शोले’तील हत्याकांडानंतर पांढऱ्या कापडांखालची प्रेते आणि वाऱ्याने उडणारी ती कापडे आपण पाहतो, बदल्याची सारी गोष्ट त्यानंतर येते, म्हणून ती पोकळ वाटत नाही.

तुमच्या गोष्टीत यासाठी एक जागा तयार आहे आणि तुम्ही ती वापरलेली नाही. नवखा पोरगा. नायक त्यालाही टिपतो, असे तुम्ही लिहिले आहे. त्याला मारू नका, जखमी करा, आणि बाकीचे सगळे संपल्यावर नायकाला त्या पोराला टिप्परमध्ये घालून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत न्यावे लागू द्या. तो प्रवास संवादाविना, नेहमीच्या गतीत, सलग दाखवा. रेती भरलेला टिप्पर पात्रातून वर चढताना किती हेलकावे खातो ते जखमी माणसाच्या चेहऱ्यावर दिसू द्या. त्याने वाचावे की नाही हे तुम्ही ठरवा. माझा कल वाचण्याकडे आहे, कारण मग तो उद्या कोणाच्या बाजूने उभा राहील, हा प्रश्न गोष्टीत शिल्लक राहतो.

प्रमाणपत्राविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण लागेल. चित्रपटगृहात दाखवायचा असेल तर केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाकडे जावे लागते, आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए या वर्गात सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन टप्पे आलेले आहेत. तुमचा विषय आणि दोन-तीन मृत्यू पाहता सोळाचा टप्पा मिळेल असे धरून चाला. सेन्सॉरच्या धाकाने शेवट आधीच बोथट करून ठेवू नका. ‘शोले’त ठाकूर गब्बरला ठार मारतो असा मूळ शेवट होता आणि आणीबाणीच्या काळात तो बदलून पोलिसांना आणावे लागले, तरी त्या चित्रपटाचे बळ शेवटच्या दोन मिनिटांत नव्हतेच. बैलगाडी किंवा कोणताही प्राणी शॉटमध्ये घेणार असाल तर भारतीय पशुकल्याण मंडळाची परवानगी चित्रीकरणाच्या आधी घ्यावी लागते, नंतर मिळत नाही. तुमच्या पटकथेत पहिल्याच पानावर पात्रातून जाणारी बैलबंडी आहे, तेव्हा तो अर्ज आता लगेच करा, नाहीतर ती बंडी काढून टाका.